सहावा ठिपका

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही नवऱ्याने दिली. म्हणाला, "नव्या नोकरीचं जे मला ऐकवणार आहेस, त्यातलं निम्मं तरी यात लिही. मलाही थोडी झोप मिळेल." तेव्हा निम्मं इथे, निम्मं त्याला.

छापखान्यात नोकरी लागली आहे, पण शाईचा वास नाही, कारण शाईच नाही. अंध वाचकांची पुस्तकं निघतात. सुया जाड कागदाला खालून ठोके देतात, कागदावर ठिपके उठतात आणि ते बोटांनी वाचायचे. एका अक्षराच्या घरात सहा ठिपक्यांची जागा, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. अख्खी भाषा त्या सहा जागांत बसवली आहे. हे मला चार वेळा समजावून घ्यावं लागलं आणि पाचव्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

सुयांचं यंत्र ठणठणीत आहे. त्याला हुकूम सोडणारा संगणक मात्र पस्तीस वर्षांचा. त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. तिचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, तिच्यातला प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते गेले आणि त्यांचे कागदही गेले. म्हणून नव्या संगणकावर एक एम्युलेटर केला आहे, म्हणजे म्हातारीचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्राम. जुना प्रोग्राम त्याच्यावर चालवायचा आणि आपण परक्या घरात आहोत हे त्याला कळूसुद्धा द्यायचं नाही. हे सोंग ज्याने रचलं त्या प्रोग्रामरला ‘दाढी’ म्हणतात, कारण उघड आहे. सोंगाचं नाव ‘तोतया’. मला ते फार आवडलं.

माझं काम तोतयाची परीक्षा घेण्याचं. मी स्क्रिप्ट, म्हणजे तपासणी करणारे छोटे प्रोग्राम, लिहायच्या; एकेक तपासणी म्हणजे एक टेस्ट. स्क्रिप्ट तोतयाला मजकूर देणार, त्याने कुठली सुई उचलली आणि किती वेळ दाबून धरली ते टिपणार आणि अपेक्षित उत्तराशी ताडून बघणार. जुळलं की पडद्यावर हिरवी ओळ, नाही जुळलं की लाल. शाळांचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत तोतया कामाला लागायला हवा. आधीची कंपनी बुडाल्यावर सहा महिने घरी बसून माशा मारल्या आहेत, आता इथे नाव काढायचंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी व्यवस्थापक म्हणाले, "प्रूफ वाचणाऱ्या बाईंची जोडीदारीण रजेवर आहे. रोज तासभर त्यांच्यासोबत बसाल का?" माझं डोकं फिरलं. मी टेस्ट लिहायला आले आणि हे मला पुस्तक धरून बसवतात! पण तिसऱ्या दिवशी तोंड वर करून बोलायची छाती झाली नाही.

बाई सत्तावन्न वर्षांच्या, जन्मापासून दिसत नाही, सदतीस वर्षं त्याच खुर्चीत. पद्धत अशी की त्या ब्रेल पान बोटांनी वाचत मोठ्याने म्हणत जातात आणि समोरच्याने मूळ प्रतीत नजर ठेवायची. मला वाटलं होतं, अडखळत, शोधत वाचतील. कसलं काय! मी मागे पडले. उजवं बोट ओळ संपवत असतं तोवर डावं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन थांबलेलं असतं, त्यामुळे मध्ये श्वासाएवढीही फट पडत नाही. माझी मात्र दोन पानांत तीनदा जागा चुकली.

"अगं, तू मघाशी एक ओळ गाळलीस," बाई म्हणाल्या.

"नाही हो, बाई."

"पान उलटलंस ना, तिथे. तोवर दर ओळीला ‘हं’ म्हणत होतीस, तिथे म्हणाली नाहीस."

मी मागे जाऊन बघितलं. गाळली होती. अशा माणसासमोर बसायला मिळतंय याचा राग कसला धरायचा? उद्या दहा मिनिटं आधीच जाईन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस टेस्ट झाल्या. म्हातारीला दिवसातून एकच तास चालू करायची परवानगी आहे. त्या तासात मी तिच्या सुयांच्या वायरींना मोजणी-यंत्र जोडते आणि प्रत्येक ठोक्याची नोंद घेते. तीच माझी अपेक्षित उत्तरं. वायरमन वाळूची बादली घेऊन शेजारी उभा असतो आणि माझ्याकडे असं बघतो की आग मीच लावणार आहे.

एक गंमत सापडली. पाच सुयांचा ठोका नऊ मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले नऊ. सहावीचा मात्र चौदा. पुन्हा मोजलं, पुन्हा चौदा. दाढी म्हणाला, "म्हातारीचा संधिवात आहे तो." आम्ही पोट धरून हसलो. टेस्टमध्ये मी चौदाच लिहिले, कारण सोंग घ्यायचं तर लंगडण्यासकट घ्यायला हवं.

बाईंनी मला अक्षरं शिकवायला घेतली आहेत. म्हणतात, "तक्ता पाठ करू नकोस, नाती लक्षात ठेव. ‘ल’ला सहावा ठिपका दे, ‘व’ झाला. ‘न’ला दे, ‘य’ झाला. ‘त’ला दे, ‘ट’ झाला." मग हसून म्हणाल्या, "सहावा मोठा उचापती. असला की एक शब्द, नसला की भलताच." मी घरी भाजी चिरता चिरता नवऱ्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, हे निम्म्यातलं आहे का दुसऱ्या निम्म्यातलं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारीतून धूर आला. थोडासाच, पण व्यवस्थापकांनी तिला कायमचं बंद करून ठेवलं. "फारच अडलं तर चालू करू," म्हणाले. अजून पाचशेच्या वर टेस्ट लिहायच्या आणि उत्तरं कुठून आणायची?

दुपारी डोक्यात प्रकाश पडला. चाळीस टेस्टमध्ये तोतया म्हातारीशी तंतोतंत जुळला आहे ना? मग पुढची उत्तरं तोतयालाच विचारू. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती तोतयाला मजकूर देते आणि तो जे करेल ते अपेक्षित उत्तर म्हणून लिहून ठेवते. तिचं नाव ‘ताजी’ ठेवलं, कारण ती सगळी उत्तरं एका झटक्यात ताजी करते. एका दुपारी दोनशे टेस्ट! मी माझीच पाठ थोपटली.

बाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे उत्तरपत्रिका कोणी लिहिली?"

"तोतयानेच. ताजीने फक्त उतरवून घेतली."

"आणि परीक्षा कोण देतोय?"

"तोतयाच."

"हुशार आहे हो तुझा तोतया," बाई म्हणाल्या आणि खूप हसल्या. मीही हसले. त्यांना माझं काम आवडतं आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

१० मार्च, सोमवार

सहाशे चौदा टेस्ट पूर्ण! मध्ये मात्र घाम फुटला. दाढीने तोतयाचा वेग वाढवला. जुन्या प्रोग्राममध्ये जागोजागी रिकाम्या फेऱ्या आहेत, म्हणजे संगणक काहीच न करता नुसता आकडे मोजत बसतो. दाढीने त्या गाळून टाकल्या. म्हणाला, "फुकट वेळ खातात." त्यानंतर टेस्ट चालवल्या तर पाचशे अठ्ठ्याण्णव लाल! मी किंचाळलेच. दाढी धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "वेळाच तर बदलल्यात. वेग वाढवल्यावर वेळ बदलणारच. सुया त्याच आहेत ना?"

सुया त्याच होत्या. मग ताजी चालवली आणि तीन मिनिटांत वरपासून खालपर्यंत हिरवंगार. आधीच्या चाळीस टेस्टसुद्धा ताज्या झाल्या. आता सहाही सुयांचे ठोके नऊ-नऊ. लंगडणं गेलं, किती नीटस दिसतं!

व्यवस्थापक बघायला आले. पडदा बघून खूश झाले आणि म्हणाले, "एवढं सगळं आपोआप तपासलं जात असेल, तर प्रत्येक पान बोटांनी वाचायची गरज राहील का हो?"

मी म्हणाले, "साहेब, माणसाच्या हातून सुटेल ते यातून सुटणार नाही."

त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझं नाव निघतंय, चांगलंच आहे.

१३ मार्च, गुरुवार

आज तोतयाने छापलेली पहिली पानं आली. सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमले. बाईंनी बोटं टेकवली, एक ओळ वाचली, दुसरी वाचली, मग परत पहिलीवर आल्या.

"सहावा दबलाय."

दाढी म्हणाला, "नाही बाई, सुई व्यवस्थित उचलली जातेय."

"उचलली जात असेल. वर येत नाहीये. लागतो, पण असून नसल्यासारखा. मी अंदाजाने वाचतेय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडून टेस्ट चालवल्या आणि व्यवस्थापकांपुढे धरल्या. बाईंना वाचून दाखवलं, "सहाशे चौदा ठिकाणी तपासलंय, बाई. सहाही ठोके सारखे आहेत. अगदी सारखे."

"सारखे?"

"तंतोतंत."

बाईंनी पान पुन्हा चाचपलं. मग हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "मग माझंच काहीतरी असेल." किती मोठं मन! इतक्या वर्षांचा अनुभव असून त्यांनी क्षणात मान्य केलं, जराही ताठा नाही. त्यांच्या जागी मी असते तर आकांडतांडव केलं असतं.

नमुन्याच्या साठ पुस्तिका उद्या एका शाळेला जाणार.

२१ मार्च, शुक्रवार

तोतयाची पानं आता रोज येतात. बाईंचा वेग मात्र कमी झाला आहे. शब्द मागेपुढे करतात, मध्येच थांबतात, "परत सांग बरं, काय आहे तिथे?" असं मला विचारतात. आधी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. सकाळी आल्या आल्या कोमट पाण्यात बोटं बुडवून बसतात. डब्याच्या सुट्टीत कपाटातली जुनी पुस्तकं काढून वाचतात. मी विचारलं, "जुन्या आठवणी का, बाई?" म्हणाल्या, "हो, तसंच समज."

बुधवारी त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. काय झालं, विचारलं तर "सहज, वय झालं ना," एवढंच. मला वाईट वाटलं. सत्तावन्न म्हणजे काही फार नाही, पण बोटं तरी किती वर्षं झिजणार? येताना त्यांच्यासाठी हाताला लावायचं चांगलं क्रीम आणलं. त्यांनी घेतलं, माझ्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुणाची आहेस."

२८ मार्च, शुक्रवार

बाईंनी अर्ज दिला. तीन वर्षं आधीच निवृत्त होणार. कारण लिहिलं आहे, "वाचन पूर्वीसारखं होत नाही." अकरा एप्रिलला निरोपाचा चहा.

दिवसभर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. वायरमनसुद्धा बादली ठेवून त्यांच्यापाशी बसून गेला. बाई मला म्हणाल्या, "अगं, चुकीचं पान माझ्या हातून पुढे जायच्या आत उठलेलं बरं. पुस्तक वाचणाऱ्या पोराला कळत नाही की पुस्तक चुकलंय. त्याला वाटतं, आपणच चुकलो." असं स्वतःहून, वेळेवर, गाजावाजा न करता उठणारी किती माणसं असतात? मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

व्यवस्थापकांनी मला अहवाल लिहायला सांगितला आहे. टेस्ट पुरेशा आहेत, पानन्‌पान बोटांनी वाचायची यापुढे गरज नाही, खाली माझी सही. बाईंच्या जागी ते कुणाला घेणार नाहीत. म्हणजे ती खुर्चीच जाणार. दोन पानं लिहिली. सगळं खरंच आहे, आकडे समोर आहेत, तरी सही करायची राहिली. आज होत नाही, सोमवारी करीन, आणि का होत नाही ते मलाच सांगता येत नाही.

७ एप्रिल, सोमवार

शाळेचं पत्र आलं. बाई आज पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या आहेत, गुरुवारी येतील, म्हणून व्यवस्थापकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. "नोंद घ्या, विशेष काही नाही," म्हणाले.

शिक्षिकेने लिहिलं आहे, पुस्तिका मिळाल्या, आभारी आहोत. पण यंदाचा वर्ग वाचनात फारच कच्चा निघाला. मुलं ‘वाट’ला ‘लात’ वाचतात, ‘पाय’ला ‘पान’, ‘घाट’ला ‘बात’. "‘त्याने आईची वाट पाहिली’ हे वाक्य एकाने ‘आईची लात पाहिली’ असं वाचलं आणि सगळा वर्ग हसला. एका मुलीने तर वाचणंच सोडलं आहे. माझं बोट बिघडलंय, असं म्हणून रडते. तिची जास्तीची तयारी करून घेत आहोत."

मीही आधी हसले. आईची लात! नवऱ्याला सांगायला मजा येईल असं वाटलं. चहा घेताना ते शब्द उगीचच मनात घोळत राहिले. वाट, लात. ‘व’चा ‘ल’, ‘ट’चा ‘त’. पाय, पान. ‘य’चा ‘न’. घाटाची बात कशी झाली ते कळेना म्हणून तक्ता काढला. ‘घ’मधला सहावा काढला की ‘ब’ उरतो.

चहा तसाच राहिला. सगळीकडे सहावाच जातोय.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी घरातून निघायच्या आधी ही वही मागे चाळली. १४ फेब्रुवारी: सहावीचा चौदा. १० मार्च: सहाही नऊ-नऊ, किती नीटस दिसतं! माझंच अक्षर, पुढे उद्गारचिन्हसुद्धा. वाचून कानशिलं तापली.

म्हातारीला संधिवात नव्हताच. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला त्यांना ठाऊक असणार की सहावी सुई जड आहे, तिला वर यायला जास्त वेळ लागतो. म्हणून त्यांनी फक्त तिच्यासाठी रिकाम्या फेऱ्या ठेवल्या होत्या. संगणकाने नुसतं थांबायचं, सुईला वर येऊ द्यायचं. दाढीने ते थांबणं गाळलं. टेस्टनी आपलं काम चोख केलं होतं, पाचशे अठ्ठ्याण्णव वेळा लाल होऊन ओरडल्या होत्या. मीच ताजी चालवून त्यांचं तोंड बंद केलं. परीक्षार्थीला उत्तरपत्रिका लिहायला दिली, आणि वर तो पास झाला म्हणून मिरवले. बाईंनी फेब्रुवारीतच विचारलं होतं आणि मी खी खी हसले होते.

दाढीला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. व्यवस्थापक बाहेर होते, त्यांना फोन करून म्हातारी दहा मिनिटं चालू करायची परवानगी काढली. वायरमनने बादली आणली. मोजलं. चौदा.

दाढीने फेऱ्या परत घातल्या. त्याच सहाशे चौदा टेस्ट चालवल्या. पाचशे अठ्ठ्याण्णव लाल. ज्या सोळा मजकुरांत सहावा ठिपकाच नव्हता, तेवढ्या हिरव्या. लाल बघून मला इतकं हायसं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. ताजी पुसून टाकली. उत्तरांतले सहावीचे नऊ खोडून चौदा करते आहे. आधी म्हातारीजवळ मोजलेल्या चाळीस, मग बाकीच्या.

९ एप्रिल, बुधवार

व्यवस्थापकांना सांगायला जायच्या आधी दाढीने मला जिन्यात गाठलं. "असं सांगू या की माझ्या वेगाच्या बदलात गडबड होती आणि तुझ्या टेस्टनी ती पकडली. तसं खोटं नाही. तुझी नोकरी नवी आहे, सहा महिने घरी होतीस. माझ्यावर येऊ दे."

भला माणूस आहे. आणि मी कबूल करते की जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या मी तेच सांगायचं ठरवून चढले. पण टेस्टनी पकडलं म्हटलं की अहवाल खरा ठरतो. अहवाल खरा ठरला की ती खुर्ची जाते.

आत जाऊन सगळं सांगितलं. ताजीचं, चौदाचे नऊ केल्याचं, टेस्ट होत्या तशाच लाल राहू दिल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं याचं. सही न केलेला अहवाल फाडून टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "साहेब, माझ्या टेस्ट सुईपर्यंत जातात. कागदापर्यंत जात नाहीत. तिथे बोटच लागतं."

व्यवस्थापक चिडले. साठ पुस्तिका, शाळा, अंगावर आलेली तारीख, सगळं बोलून झालं. मी मान खाली घालून ऐकलं. मग ते थांबले. "म्हणजे बाई बरोबर होत्या?"

"पहिल्याच पानाला."

"मग त्यांनी अर्ज का दिला?"

मला वाटलं, मी चारचौघांत लॅपटॉप नाचवला, त्यांचा अपमान झाला म्हणून दिला असेल. सदतीस वर्षं काम केलेल्या माणसाला कालची आलेली पोर खोटं पाडते म्हणजे काय! उद्या पाय धरायचे. व्यवस्थापकांनी बाईंचा अर्ज माझ्या देखत खणात टाकला. पुढे पाठवला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी बाई आल्या, बोटं पाण्यात बुडवली, पुसली. मी न बोलता नवं पान पुढे ठेवलं. त्यांनी सवयीने, जरा नाखुशीनेच हात टेकवला. एक ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी पहिल्या दोन्हींच्या दुप्पट वेगाने गेली आणि पानाच्या मध्यावर त्या थांबल्या.

"हे पान कधीचं?"

"काल छापलं, बाई."

"आणि महिनाभर वाचतेय ती?"

"ती चुकीची होती. सहावा दबलेलाच होता. तुम्ही म्हणालात अगदी तसा."

मग मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाई ऐकत राहिल्या. त्यांचा हात पानावरून हलला नव्हता. शेवटी मी म्हणाले, "चारचौघांत मी तुम्हाला खोटं पाडलं. तुमचा अपमान झाला म्हणून अर्ज दिलात ना? मला माफ करा."

"अपमान?" बाईंना खरंच कळलं नाही. "अगं, मला पटलं होतं."

बाईंनी पान बाजूला सारलं.

"तू म्हणालीस, सहाशे चौदा ठिकाणी तपासलंय, सारखे आहेत. तू खोटं कशाला बोलशील? मग माझीच बोटं गेली. कपाटातली पुस्तकं काढून बघितली. वाचता येत होती, पण ती तर मला पाठ आहेत, त्यांचा काय भरवसा? डॉक्टर म्हणाले, बोटांना काही झालेलं नाही. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतायत. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, त्यांनाही मी खोटं ठरवलं. घरी भावजयीला सांगितलं, आता मला तांदूळ निवडायला देत जाऊ नकोस, खडा राहील."

आणि मग त्यांचा आवाज चढला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला मी तो आवाज.

"टेस्ट चुकली, चुकू दे. माझीही पानं चुकलीत. त्याचा मला राग नाही. पण चार आठवडे! चार आठवडे मी स्वतःला आंधळी समजत होते गं! जन्मात कधी समजले नव्हते!"

दाढी दारात उभा होता, तसाच मागे फिरला. मला रडू कोसळलं. थांबवायचा प्रयत्नही केला नाही. बाईंनी रडू दिलं, समजूत घातली नाही. घालू नयेच.

मग म्हणाल्या, "अर्ज कुठाय?"

"साहेबांच्या खणात. पुढे गेलेला नाही."

"मागून आण. आणि येताना मूळ प्रत आण. साठच्या साठ पुस्तिका बदलून द्यायच्यात. त्या रडणाऱ्या मुलीला पत्र लिहायचंय, ब्रेलमध्ये, तिचं तिला वाचता येईल असं. ते मी लिहीन. तुझी चूक आहे, तर खाली सही तू कर."

अर्ज आणला, मूळ प्रत आणली, समोर बसले. डोळे सुजलेले, अक्षरं धूसर दिसत होती. बाईंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला त्यांना एक चूक सापडली. ती मूळ प्रतीतलीच होती.